मिश्रण आधी बरणीत, मग पंपात

मजुरी वाढली की दोन-तीन औषधे एकाच पंपात ओतून एका फेरीत फवारणी उरकण्याकडे शेतकऱ्याचा कल होतो. ह्यूमिक आम्ल व स्टिकर एकत्र केले जातात. कधी कधी थोड्याच वेळात तळाशी काळपट साका बसतो, गाळणी तुंबते, नोझल बंद पडते. दोष भेसळीस दिला जातो. परंतु भेसळ नसतानाही असे घडू शकते. दोन चांगले पदार्थच परस्परांशी जुळत नाहीत.

याचे कारण समजून घेणे अगत्याचे आहे. ह्यूमिक आम्लाच्या मोठ्या रेणूंवर पाण्यात ऋण विद्युतभार असतो. त्याच्याच बळावर ते विरघळून राहतात. द्रावण पानावर पसरविणारे काही पदार्थ धनभारित असतात. दोहोंची गाठ पडली म्हणजे विरुद्ध भार एकमेकांस ओढतात व निष्प्रभ करतात. मग मिश्रण विभागते: खाली दाट थर, वर पातळ पाणी. कलिली द्रावणे अशा दोन द्रव थरांत विभागण्याच्या क्रियेला बुंगेनबर्ग द याँग व क्रूट या डच शास्त्रज्ञांनी १९२९ साली ‘कोॲसर्वेशन’ हे नाव दिले.

दोन्ही भार जेथे बरोबरीस येतात, तेथे साका अधिक बसतो. म्हणून कमी मात्रेत जुळलेले मिश्रण मात्रा वाढविताच फुटू शकते. विहिरीच्या जड पाण्यातील चुन्याचा अंशही ह्यूमिक आम्लास बांधतो. सबब शेजाऱ्याचा अनुभव हा आपल्या शेतासाठी पुरावा नव्हे.

पुरावा बरणीत मिळतो. फवारणीचेच एक लिटर पाणी काचेच्या बरणीत घ्यावे. १५ लिटरच्या पंपास ३० मिलिलिटर औषध लागत असेल, तर येथे २ मिलिलिटर घालावे. हातमोजे घालून एकेक पदार्थ मिसळावा, हलवावा व अर्धा तास ठेवावा. गुठळ्या, तंतू अथवा न मिसळणारा थर दिसल्यास ते मिश्रण पंपात जाऊ नये. बरणी स्वच्छ राहिली तरी पिकास अपाय होणार नाही, अशी हमी मिळत नाही. वेष्टनावरील सूचनाच प्रमाण मानावी.

अर्धा तास फुकट जातो, अशी तक्रार होईल. परंतु साका बसलेल्या पंपातून काही झाडांस नुसते पाणी व काहींस दाट औषध मिळते; औषध, मजुरी आणि कीड आवरण्याची वेळ तिन्ही हातची जातात. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही परीक्षा तोंडी न सांगता बांधावर करून दाखवावी. डोळ्यांनी पाहिलेला साका शेतकरी विसरत नाही.