पाण्याखालची शाळा कोठे निवडावी?

सिकंदराबादेहून एका वाचक-भगिनीचे पत्र आमच्याकडे आले आहे. पत्र चार पृष्ठांचे असून त्यांतील तीन पृष्ठे घरातल्या वादाला वाहिलेली आहेत. थोरली कन्या चोवीस वर्षांची, नोकरीस लागलेली. धाकटा चिरंजीव सतरा वर्षांचा. दोघांनाही ‘स्कूबा डायव्हिंग’, म्हणजे पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्राच्या पोटात उतरण्याची विद्या, शिकावयाची आहे. कन्या म्हणते, अंदमानास जाऊ. वडील म्हणतात, गोवा जवळ आहे, तेथे मावशीचे घर आहे, राहण्याजेवण्याचा खर्च वाचेल. चिरंजीवांस थायलंडखेरीज दुसरे काही नको. ‘फादर, आपण सांगाल तेथे मुलांना पाठवू,’ असे लिहून ह्या भगिनीने आमच्या माथ्यावर मोठाच भार ठेविला आहे. परंतु पत्राचे खरे मर्म अखेरच्या दोन ओळींत आहे. मुलास बालपणी दम्याचा विकार होता. किनाऱ्यावरील एका व्यावसायिकास दूरध्वनीवर तसे सांगताच तो म्हणाला, ‘फॉर्मवर सगळीकडे नाही असे लिहा, कोणी तपासत नाही.’

आम्ही घाटमाथ्यावर वाढलेले. आमचे जलज्ञान गावच्या विहिरीपलीकडे फारसे गेलेले नाही. तथापि प्रश्न आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरांत उद्भवणारा आहे असे जाणून आम्ही ही विद्या शिकविणाऱ्या दोघांतिघांशी सविस्तर बोललो व जे वाचावयास मिळाले ते वाचले. त्यावरून आमचे जे मत बनले ते येथे मांडतो.

प्रथम एक घोटाळा दूर करावयास हवा. मालवण, तारकर्ली आणि गोव्याच्या किनाऱ्यांवर ‘स्कूबा’ म्हणून जे सर्वत्र विकले जाते ते शिक्षण नव्हे. होडीतून थोडे आत न्यावयाचे, दहा मिनिटे सूचना सांगावयाच्या, टाकी बांधावयाची आणि एका माणसाने पाहुण्यास मागून धरून पंधरावीस मिनिटे मासे दाखवून वर आणावयाचे, एवढाच तो व्यवहार आहे. पोहता न येणारा मनुष्यही तो करू शकतो. त्यात वाईट काही नाही. परंतु तो करून आलेला मनुष्य ‘मी स्कूबा शिकलो’ असे म्हणू लागला तर बैलगाडीत मागे बसून आलेल्याने आपण गाडी हाकली असे सांगण्यासारखे ते आहे. खरे शिक्षण तीनचार दिवसांचे असते. त्यात आधी पुस्तकी धडे, मग तलावात किंवा उथळ पाण्यात सराव, व शेवटी समुद्रात चार बुड्या. १९६६ साली अमेरिकेत स्थापन झालेल्या ‘पॅडी’ ह्या संस्थेचा अभ्यासक्रम आज सर्वांत अधिक प्रचलित आहे. तिच्या पहिल्या प्रमाणपत्रासाठी दोनशे मीटर पोहून दाखवावे लागते आणि दहा मिनिटे पाण्यावर तरंगावे लागते. ते प्रमाणपत्र मिळालेल्यास अठरा मीटर खोलीपर्यंत, आपल्यासारख्याच दुसऱ्या प्रशिक्षित जोडीदारासह, उतरता येते. किमान वय दहा वर्षांचे आहे. दहाअकरा वर्षांच्या मुलांस मात्र बारा मीटरांची मर्यादा आहे.

तलावातील सरावात काय शिकवितात हे समजून घेतले म्हणजे तीनचार दिवस का लागतात ते कळते. डोळ्यांवरील काचेत पाणी शिरले तर नाकाने हवा सोडून ते बाहेर काढणे; तोंडातील नळी सुटली तर न घाबरता ती शोधून पुन्हा तोंडात धरणे; आपली हवा संपली तर जोडीदाराच्या टाकीतून श्वास घेत दोघांनी सावकाश वर येणे. हे सर्व एकदा जमून भागत नाही, हातापायांत मुरावे लागते. आणि ह्या सर्वांच्या वरचा नियम असा की, पाण्याखाली श्वास कधीही रोखून धरावयाचा नाही.

ह्या नियमाचे कारण आईबापांनीही जाणून घ्यावे, कारण सिकंदराबादच्या भगिनीचा खरा प्रश्न त्यातच दडलेला आहे. पाण्याखाली दहा मीटरांवर दाब भूपृष्ठाच्या दुप्पट असतो. जाक कूस्तो व एमिल गान्यां ह्या दोघा फ्रेंच गृहस्थांनी १९४३ साली जे श्वसनयंत्र सिद्ध केले त्याची करामत हीच की, पाणबुड्याभोवती जेवढा दाब असेल तेवढ्याच दाबाची हवा ते त्याला पुरविते. म्हणून दहा मीटरांवर छाती भरून घेतलेला श्वास तसाच कोंडून कोणी वर आला, तर वर येईपर्यंत ती हवा दुप्पट जागा मागू लागते. फुफ्फुस काही फुग्यासारखे वाटेल तेवढे ताणत नाही, ते फाटते. त्यासाठी दहा मीटरही लागत नाहीत, उथळ तलावातही हा अपघात होऊ शकतो. आता दम्याच्या रोग्याचा विचार करा. त्याने श्वास रोखला नाही तरी आकसलेल्या श्वासनलिकांच्या मागे हवा अडकून पडू शकते, आणि वर येताना तीच फुगते. फॉर्मवरील दम्याचा प्रश्न म्हणजे कचेरीतली टाकटूक नव्हे, तो ह्यासाठी असतो.

म्हणून ज्याने ‘नाही लिहा’ असे सांगितले त्याच्याकडे, तो सोन्याच्या समुद्राकाठी बसलेला असला तरी, मुलास पाठवू नये. दम्याविषयी एवढे हलके बोलणारा मनुष्य टाकीतल्या हवेविषयी, नळीच्या दुरुस्तीविषयी आणि हवामानाविषयी काय बोलत असेल? उलटपक्षी, बालपणी दमा होऊन गेला म्हणजे दार कायमचे बंद झाले असेही नाही. ‘होय’ असे लिहिल्यावर डॉक्टरांचा लेखी अभिप्राय आणावा लागतो. छातीच्या विकारांचे डॉक्टर फुफ्फुसांची क्षमता मोजतात, परिश्रमानंतर ती कितपत टिकते ते पाहतात, आणि मग होय किंवा नाही सांगतात. हा अभिप्राय तिकिटे काढण्यापूर्वी घ्यावा. पैसे भरून, सामान बांधून किनाऱ्यावर पोहोचलेल्या मुलाला खरे लिहिणे फार जड जाते.

आता स्थळांकडे वळू. गोव्यात ही विद्या मुख्यतः मुरगावच्या समोरील ग्रँड आयलंड ह्या बेटाजवळ चालते. जवळ, सोयीचे, खोली माफक. परंतु मांडवी आणि झुआरी ह्या नद्यांचा गाळ जवळच समुद्राला मिळतो, त्यामुळे पाणी बहुधा गढूळ असते. पुष्कळदा चारपाच मीटरांपलीकडचे दिसत नाही. काही जुने पाणबुडे म्हणतात की, गढूळ पाण्यात शिकलेला मनुष्य पुढे कोठेही डगमगत नाही. असेल. तरी पहिल्या धड्याला पाणी स्वच्छ असावे असेच आमचे मत आहे. मासे नीट दिसावेत म्हणून नव्हे. शिक्षकाला शिष्य दिसावा म्हणून. घाबरलेल्या मुलाचे डोळे काचेआडून शिक्षकाला दिसले पाहिजेत. ते दिसले नाहीत तर शिक्षक कितीही निष्णात असला तरी त्याला कळावयास उशीर होणार.

मालवणच्या बाबतीत आमच्या मनात थोडा पक्षपात आहे हे लपवीत नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या सावलीत, आपल्याच भाषेत शिकावयास मिळणे ही लहान गोष्ट नव्हे. भयाच्या क्षणी मनुष्याला मातृभाषेतील सूचनाच लवकर समजते. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने तारकर्लीस ह्या विद्येची संस्था उभारली असून तेथे सरावासाठी तलाव आहे. किनाऱ्यावरची घटकाभराची बुडी सोडून तेथे संपूर्ण वर्गाची चौकशी करावी. मात्र मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी पर्यटकांची होडी उलटून दोघांचा अंत झाला हेही विसरू नये. समुद्राखाली कोणाला काही झाले नव्हते. घात झाला तो परतीच्या वाटेवर. होडीत किती माणसे बसवितात, प्रत्येकाच्या अंगात तरंगजाकीट आहे की नाही, हे पाहणे टाकी तपासण्याइतकेच अगत्याचे आहे.

बेळगाव व कारवारकडील वाचकांस आम्ही नेत्राणी सुचवू. मुरुडेश्वरच्या किनाऱ्यापासून सुमारे एकोणीस किलोमीटरांवरील हे निर्मनुष्य बेट. एवढ्या अंतरावर नद्यांचा गाळ फारसा पोहोचत नाही; म्हणून पश्चिम किनाऱ्यावर इतके निवळ पाणी क्वचितच मिळते. कोकण रेल्वे मुरुडेश्वरास थांबते. अडचण एवढीच की होडीचा प्रवास लांबचा आहे, आणि ज्याला लाटांनी मळमळते त्याची शिकण्याची उमेद बेट येण्यापूर्वीच संपलेली असते.

अंदमानात ‘हॅवलॉक’ बेटावर, ज्याला २०१८ पासून स्वराज द्वीप म्हणतात, उबदार व स्वच्छ पाणी, किनाऱ्यालगतच उथळ प्रवाळ आणि अनेक वर्षे शिकवीत आलेले शिक्षक ह्या तिन्ही गोष्टी एकत्र सापडतात. शिवाय, काही विपरीत घडले तर दाबकक्ष असलेले नौदलाचे रुग्णालय पोर्ट ब्लेअरला आहे (ह्या नगराचे नाव २०२४ साली श्री विजयपुरम असे झाले). बुडीनंतर रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होण्याचा जो विकार आहे त्यावर ह्या कक्षाचाच उपचार चालतो. तो किती दूर आहे हे कोठेही जाताना विचारून ठेवावे. खर्च विमानाचाच मोठा. लक्षद्वीपचे पाणी अतिसुंदर, पण तेथे प्रवेशपरवाना लागतो. पहिल्या शिक्षणासाठी एवढा खटाटोप नको. थायलंडातील को ताओ बेटावर जगभरचे नवशिके लोटतात आणि शुल्कही बेताचे असते, हे चिरंजीवांचे म्हणणे खरे आहे. सतराव्या वर्षी एकट्याने तेथे जाणे हा निराळा विषय असून त्याचे उत्तर त्याच्या वडिलांनी द्यावे.

ऋतूची गोष्ट विसरून चालणार नाही. पश्चिम किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर हा उद्योग बंद असतो, आणि पावसाळ्यानंतरचे पहिले काही आठवडे पाणी गढूळच राहते. अंदमानात डिसेंबर ते एप्रिल हा काळ चांगला. आपली मंडळी बहुधा नाताळच्या सुट्टीत जातात. नेमक्या त्याच दिवसांत किनाऱ्यावर जत्रा भरलेली असते आणि थकलेला शिक्षक एकामागून एक तुकड्या उरकीत असतो. जानेवारीच्या अखेरीस जावे. ‘पॅडी’च्या नियमाने समुद्रात एका शिक्षकामागे आठ विद्यार्थी चालतात, आम्ही आमच्या घरच्या मुलासाठी चारांहून अधिक पत्करणार नाही. शिक्षकाचा क्रमांक मागून घ्यावा. संस्थेच्या संकेतस्थळावर तो खरा की खोटा हे घरबसल्या पाहता येते. क्रमांक देण्यास जो कुरकुर करील त्याला तेथूनच नमस्कार करावा.

मोजमापांची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. इटलीत जिनोव्हाजवळ सान फ्रुत्तुओझोच्या उपसागरात प्रभू येशूचा एक कांस्यपुतळा समुद्रतळाशी उभा आहे, दोन्ही बाहू वर केलेला. इटलीतील आरंभीच्या स्कूबा पाणबुड्यांपैकी दारिओ गोन्झात्ती हा तरुण १९४७ साली तेथे मरण पावला. त्याच्या स्मरणार्थ मित्रांनी खटपट करून १९५४ साली शिल्पकार ग्विदो गाल्लेत्ती ह्याच्या हातचा हा पुतळा तेथे ठेविला. खोली सुमारे सतरा मीटर, म्हणजे पहिले प्रमाणपत्र मिळालेल्याच्या आवाक्यातली.

इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथील वाचक म्हणतील, आम्हांला समुद्रच नाही, चार दिवस कोठून आणावे? त्यांच्यासाठी एक सोय आहे. पुस्तकी धडे घरी संगणकावर करता येतात, तलावातील सराव एखाद्या मोठ्या शहरातील मान्य शिक्षकाकडे उरकता येतो, आणि त्याचे पत्र घेऊन बारा महिन्यांच्या आत समुद्रातील चार बुड्या अन्यत्र पूर्ण करता येतात. ह्यात आणखी एक लाभ आहे. मुलाला पाण्याखाली श्वास घेणे मानवते की नाही, हे घराजवळच, थोड्या पैशांत कळते.

तेव्हा सिकंदराबादच्या भगिनीस आमचे उत्तर असे. चिरंजीवांस प्रथम छातीच्या डॉक्टरांकडे न्यावे. ते ‘नको’ म्हणाले तर त्याचा हिरमोड होईल, पण नळी व काच लावून पाण्याच्या पृष्ठावरून प्रवाळ पाहण्यासही परवानगी आहे का ते त्यांनाच विचारावे. अंदमानात तेवढ्यानेही पुष्कळ दिसते. ‘हो’ म्हणाले तर दोघां भावंडांनी तलावाचा सराव शहरात करावा आणि फेब्रुवारीत स्वराज द्वीपास जावे. मावशीकडे एरवीही जाता येईल.

परतीच्या तिकिटाविषयी मात्र काटेकोर असावे. अनेक बुड्यांनंतर निदान अठरा तास विमानात बसू नये, असा दंडक आहे; उंचावर दाब कमी झाला की तेच नायट्रोजनचे बुडबुडे उठतात. हाच विचार घाटालाही लागू आहे, आणि तो आमच्या बेळगावकरांच्या ध्यानात येत नाही. मालवणहून आंबोलीमार्गे बेळगावला येणारा मनुष्य समुद्रसपाटीपासून सातशे मीटरांहून अधिक चढतो. शनिवारी दुपारी शेवटची बुडी झाली तर रात्र किनाऱ्यावरच काढावी, रविवारची मिस्सा तेथल्या चर्चमध्ये ऐकावी, माशाचे जेवण करून थोडी वामकुक्षी घ्यावी, आणि उन्हे उतरल्यावर गाडी घाटाला लावावी.