साय आणि मोरपंखी

दिवाळीपूर्वी रंगारी ठरला की बहुतेक घरांत दोन पक्ष पडतात. वडीलधाऱ्यांना सायीसारखा फिकट रंग हवा असतो. सूनबाईंना निदान एक भिंत तरी गडद मोरपंखी हवी असते. दोघांच्याही हाती तेच बोटभर कार्ड असते आणि वाद मिटत नाही, कारण कार्डावर भिंत दिसत नाही.

कापडाच्या व्यापाऱ्यास हे सांगणे नकोच. साडीचा खरा रंग दाखवायचा तर आपण ती दुकानाबाहेर उजेडात नेतो. पॅरिसच्या गोबलँ विणकामशाळेत रंगाईचे प्रमुख असलेले रसायनशास्त्रज्ञ शेव्रल यांच्याकडे तक्रार आली होती, की निळ्या-जांभळ्या धाग्यांतील काळा धागा फिका दिसतो. धागा निर्दोष होता. शेजारचे रंग त्याचे रूप पालटत होते. १८३९ साली त्यांनी या विषयावर ग्रंथच प्रसिद्ध केला. मोरपंखीशेजारी साय अधिक उजळ आणि किंचित केशरी भासते, ती याच नियमाने.

परंतु घरात खरा प्रश्न उजेडाचा आहे. साय पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ७५ ते ८० टक्के परत देते, गडद मोरपंखी जेमतेम १० टक्के. एकाच खिडकीच्या दिवाणखान्यात खिडकीसमोरची भिंत मोरपंखी केली, तर दिवसाही दिवा लागेल. तेथेच आजी वाचत बसत असतील तर? वयाबरोबर डोळ्यातील भिंग पिवळसर होते, बाहुली लहान राहते. त्यांना आपल्याहून पुष्कळ अधिक उजेड हवा असतो. म्हणून सूनबाईंचा आग्रह मोडू नये, पण खिडकीसमोरची भिंत आणि छत सायीचेच ठेवावे. मोरपंखी बाजूच्या एका भिंतीस द्यावा. (खिडकीच्याच भिंतीस दिला, तर झगझगाट डोळ्यांना अधिक टोचतो.)

खर्चाचेही पाहावे. गडद रंगाला बहुधा हात अधिक लागतात, खुर्च्यांचे ओरखडे त्यावर चटकन उठून दिसतात आणि पुढे मन बदलले तर प्रायमरवाचून तो झाकत नाही.

दोन्ही रंगांचे लहान डबे आणून दोन-दोन फुटांच्या पुठ्ठ्यांवर दोन हात द्यावेत. ते सकाळी, दुपारी आणि रात्री दिव्याखाली पाहावेत. पिवळ्या दिव्यात मोरपंखी हिरवटाकडे झुकतो. आणि एकदा आजींना त्यांच्या नेहमीच्या खुर्चीत बसवून, हाती पुस्तक देऊन विचारावे.