बग्गीच्या खाली वाकून पाहा

तुळशीचे लग्न लागले की माणसांच्या लग्नांना वाट मोकळी होते. हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा घरोघरी फराळाचे डबे उघडलेले असतील आणि एका कोपऱ्यात वडील मंडळी कार्यालय, आचारी, बँड यांचे हिशेब मांडीत बसलेली असतील. त्या हिशेबात हल्ली एक रकम हमखास असते : वरातीची बग्गी. या बग्गीविषयी मला चार कडू शब्द बोलायचे आहेत. सणासुदीला कडू बोलू नये हे मला कळते. पण नरकचतुर्दशीला कारीट फोडून त्याचा रस जिभेला लावण्याची रीत आपलीच आहे. तेवढ्यापुरते मला सोसा, वाचकहो.

मी इंजिनिअर नव्हे. मॅट्रिक झालो, पुढे चित्रकलेची पदविका घेतली, आणि आज वीस वर्षे तालुक्याच्या गावी शाळेत मुलांना घोडे, बैल, गाड्या काढायला शिकवतो आहे. उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. म्हणजे गाडीशी माझा संबंध पेन्सिलीपुरताच. परंतु चित्र काढणाऱ्याला एक खोड असते. चाक काढायचे तर ते कशाला टेकले आहे हे त्याला पाहावेच लागते. त्या खोडीपायीच हे सारे घडले.

गेल्या वैशाखात पुतणीचे लग्न झाले. वरातीला पांढरीशुभ्र बग्गी आली. दोन्ही अंगांना सोनेरी मोर, मध्ये कमळाचे आसन, वर दिव्यांच्या माळा, आणि त्या माळा पेटाव्यात म्हणून पाठीमागे धडधडणारे जनरेटर. पुढे एकच घोडी. बग्गीत नवरा-नवरी, करवली, दोन भाचरे, आणि जागा आहे म्हणून चढलेले नवरदेवाचे दोन मित्र. आमच्या आळीत नळासाठी खणलेला चर नीट बुजवलेला नव्हता. चाक त्या चरात उतरले, वर आले, आणि घोडीने मान अशी काही झटकली की तिच्या कपाळावरचा तुरा गळून पडला. सगळे हसले. तुरा उचलून द्यायला मी वाकलो, आणि वाकलोच आहे तर म्हणून बग्गीखाली डोकावलो.

खाली पाहिले ते अजून डोळ्यांपुढून जात नाही. वर एवढा थाट, आणि खाली लोखंडी अँगलचा एक सांगाडा, त्याला वेल्डिंगने डकवलेले दोन आंस. मधे जाड काळे पोलादी पाटे होते खरे, पण सात माणसे आणि जनरेटर एवढे ओझे असूनही ते रेसभर वाकलेले नव्हते.

“काय हरवलं, गुरुजी?” बग्गीवाला म्हणाला.

“कमानी शोधतोय.”

“त्या काय, पाटे टाकलेत की! ट्रकचे आहेत. दहा वर्षं हलायचे नाहीत.”

हलायचे नाहीत! अहो, हलण्यासाठीच तर तो पाटा जन्माला आला. चाक दगडावर चढले की कमान दबते; चाक वर जाते, पण वरची माणसे, मोर आणि कमळ आपल्या जागी राहतात. कमान दबली नाही तर त्या एका दगडासाठी सगळे ओझे वर उचलावे लागते, आणि ते उचलतो कोण? घोडा. ट्रकचा पाटा कित्येक टनांखाली वाकावा म्हणून घडवलेला असतो. पाचसात माणसांना तो भीक घालत नाही. त्यापेक्षा लाकडाचा ठोकळा ठेवला असता तर निदान फसवणूक तरी झाली नसती. शिवाय पाटे एकमेकांवर घासतात म्हणूनच कमान दबल्यावर फार वेळ झुलत राहत नाही. इथे ते गंजून एकजीव झाले होते. वंगणाचा थेंब त्यांना कित्येक पावसाळ्यांत लागला नसावा.

मग मी घोडीच्या छातीवरची मखमली झालर बोटाने वर केली. पट्ट्याखाली हाताच्या तळव्याएवढी जखम होती. बग्गीवाल्याने हळद लावलेली होती. तो माणूस दुष्ट नव्हता, हे मी मुद्दाम सांगतो. त्याने हळद लावली, चाबूक उगारला नाही, घोडीला आधी पाणी पाजले आणि मग स्वतः चहा घेतला. जखम त्याच्या हातून झालेली नव्हती. ती झाली होती त्या न वाकणाऱ्या पाट्यांनी, आणि ज्या कारखानदाराने ते बसवले त्याला ती घोडी कधी दिसलीही नसेल.

शाळेत येऊन मी मुलांना घेऊन एक खेळ केला. एका चाकाच्या फळीवर विटा ठेवल्या, मैदानात पेन्सिली आडव्या मांडल्या आणि विज्ञानाच्या कपाटातला ताणकाटा दोरीला लावून ती ओढली. पेन्सिल आली की काटा उसळे. मग विटांखाली जाड स्पंज घातला. काट्याची उसळी निम्म्यावर आली. एक मुलगी म्हणाली, “सर, ओढायला एकूण तितकंच लागतंय, पण हिसका बसत नाही.” तिचे म्हणणे खोटे नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फ्रेंच सैन्यातल्या आर्थर मोरँ यांनी खऱ्या गाड्या ओढवून मापे घेतली, त्यांनाही असेच आढळले : संथ चालीत कमानींमुळे ओढ फारशी घटत नाही, दगडी रस्त्यावर दुडक्या चालीने जाताना मात्र घटते. वरात संथच चालते, मग बिघडते कुठे, असे कोणी म्हणेल. बिघडते ते हिसक्याने. आणि वरात संथ असली तरी बग्गी लग्नघरी संथ चालीने येत नाही. आमची ती बग्गी शेजारच्या गावाहून डांबरी सडकेने दुडकत आली होती आणि रात्री एक वाजता तशीच दुडकत परत गेली. “एका रात्रीचा तर प्रश्न आहे” असे म्हणणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की रात्र आपली एक असते, घोडीच्या वाट्याला सगळा हंगाम असतो.

हे शहाणपण काही काल-परवाचे नाही. इंग्लंडात ओबडाया इलियट याने १८०५ च्या सुमारास दोन कमानी तोंडाला तोंड लावून डोळ्याच्या आकाराची कमान केली आणि गाडीखालचा जड दांडाच अनावश्यक ठरवला. आयर्लंडातले रिचर्ड एजवर्थ यांनी रस्ते आणि गाड्या यांवर १८१३ साली सबंध ग्रंथ लिहिला. कमान ही बसणाऱ्याची चैन नसून ओढणाऱ्याची सोय आहे, हा त्यांचा आग्रह. हवेच्या टायरची हकीकत तर आणखी मौजेची आहे. रॉबर्ट थॉमसनने त्याचे पेटंट १८४५ साली घेतले ते मोटारीसाठी नव्हे, मोटार होती कुठे? ती चाके त्याने घोड्यांच्या गाड्यांनाच लावून दाखवली. लोक विसरले. पुढे १८८८ साली तीच कल्पना डनलॉपने नव्याने आणली. हा डनलॉप पशुवैद्य होता. जनावराची कळ जाणणाऱ्याच्या हातून निघालेले चाक आज साऱ्या जगाच्या मोटारींखाली आहे, आणि आमच्या बग्गीला मात्र शोभेसाठी लोखंडी आऱ्यांची कडक चाके. रबर लावले तर “राजेशाही दिसत नाही” म्हणे!

माझ्या लहानपणी आमच्या गल्लीत एक टांगेवाले चाचा होते. अक्षरशत्रू माणूस. पण सवारी बसली की ते आधी दांड्यांखाली हात घालून बघत. दांडी घोड्याच्या पाठीवर जड पडली तर म्हणत, “मास्तर, जरा मागं सरका.” टांगा उलाळला तर पोटपट्टा घोड्याला वर ओढी, मग म्हणत, “बाई, पोराला पुढं द्या.” चारपाच माणसांची अशी हलवाहलव केल्याशिवाय ते लगाम हाती घेत नसत. आम्हां पोरांना ती त्यांची लहर वाटे. आता कळते की दुचाकी गाडीचे निम्मे शास्त्र त्या तळहातात होते. टांगे गेले आणि ते शास्त्रही त्यांच्याबरोबर गेले. राहिली फक्त पितळी दिव्यांची आठवण, जी आम्ही लेखक लोक दिवाळी अंकांतून हुंदके देत विकतो. मीही विकली आहे. माझ्या एका कादंबरीत तीन पाने टांगा आहे आणि त्यात कमानीचा शब्द नाही. ॲना सूअल या बाईंनी १८७७ साली घोड्याच्याच तोंडून कादंबरी वदवली आणि घोड्याची मान ताठ बांधणाऱ्या लगामाविरुद्ध लोकमत उभे केले. आणि आमचे लक्ष तुऱ्याकडे!

कायदा काय म्हणतो? ओझ्याच्या आणि ओढीच्या जनावरांसाठी १९६५ चे केंद्राचे नियम आहेत. गाडीत हाकणारा आणि सहा वर्षांखालची मुले सोडून चारांहून अधिक माणसे नकोत, असे त्यांत स्पष्ट आहे. आमच्या वरातीतली डोकी मोजा म्हणजे झाले. पण मला खटकते ते दुसरेच. घोड्याच्या दुचाकी गाडीला हवेचे टायर नसतील तर ओझे ५०० किलो, असतील तर ७५० किलो. म्हणजे चाक सुधारले की वाचलेली ताकद जनावराला मिळत नाही, मालकाला मिळते. कमानीचा तर त्या तक्त्यात पत्ताच नाही. सुधारणेच्या नावाने घोड्याच्या पदरी पडते ते अडीचशे किलो जास्तीचे ओझे!

“मग बंदच करा ना बग्ग्या,” असे म्हणणारे मित्र मला आहेत. मुंबईच्या व्हिक्टोरिया २०१५ साली उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवल्या, आणि २०२१ पासून तिथे विजेवरच्या व्हिक्टोरिया आल्या. त्याला माझी हरकत नाही. मुंबईच्या डांबरावर घोड्याचे काय होते, हे कोर्टाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. पण मुंबईबाहेरची घोडी आज, या घटकेला, जुंपलेली आहे. बंदी येईल तेव्हा येवो. तोवर तिने ट्रकचे पाटे का ओढावे? आणि बंदीची भाषा बोलणाऱ्यांतले किती जण आपल्या मुलाच्या वरातीत जनरेटर खाली उतरवतात, हेही मला पाहायचे आहे.

“आपल्याकडे हे कोण करणार?” हा दुसरा सुस्कारा. करणारे झाले आहेत. बंगलोरच्या मॅनेजमेंट संस्थेचे पहिले संचालक एन. एस. रामस्वामी यांनी बैलगाडी सुधारण्यात आयुष्याची कित्येक वर्षे घातली. मोठ्या माणसांनी त्यांना हसूनही घेतले असेल. आमच्याच वाळवा तालुक्यात राजारामबापू इन्स्टिट्यूटच्या विद्यार्थ्यांनी २०२२ साली उसाच्या गाडीच्या जुवाखाली आधाराचे एक फिरते चाक बसवले, बैलांच्या मानेवरचा भार कमी व्हावा म्हणून. पोरे विशीतली. त्यांना वाकून बघण्याची लाज वाटली नाही.

बग्गीच्या कारखानदाराला मी भेटलो होतो. सभ्य गृहस्थ. त्यांनी सरबत दिले आणि सांगितले, “गुरुजी, हलक्या कमानी बसवता येतात. छऱ्यांचे बेअरिंगही बसवता येते. पण गिऱ्हाईक मोर किती ते विचारतं. खाली कोण बघतंय?”

म्हणून हे लिहितो आहे. बग्गी ठरवायला जाल तेव्हा एका कोपऱ्यावर दोघांनी उभे राहून अंगाचा भार टाका. ती खाली दबली पाहिजे आणि एकदोनदा झुलून थांबली पाहिजे. पुढचा आंस हाताने वळवून बघा. सहज वळला नाही तर प्रत्येक वळणावर तो घोडीला आडवा हिसका देणार. चाकाला कान लावून फिरवा. पट्ट्याखाली बोट घाला. जनरेटर नको म्हणा.

या मार्गशीर्षात धाकट्या पुतण्याचे लग्न आहे. परवा बग्गीवाला विसार घ्यायला आला, तेव्हा मी धोतराचा काचा मारून बग्गीखाली शिरलो. वहिनी ओसरीवरून ओरडल्या, “अहो भावजी, व्याही येतील आता, बाहेर या!” मी त्यांना आतूनच कंदील मागितला.