बाळ काचेत, आई-बाप दारात

शेतीच्या पानावर दवाखान्याचा विषय कशाला, असे तुम्ही म्हणाल. पण वरकुटेसारख्या गावात कुणाचे बाळ ‘काचेत’ ठेवले की त्या घरची धार, पाण्याची पाळी, उसाची तोड सगळेच अडते. म्हणून हा विषय आपलाही आहे.

कमी दिवसांचे, कमी वजनाचे बाळ जन्मले की धावाधाव सुरू होते. इंदापूर, बारामती, नाहीतर थेट पुणे. बाळ आत, बाळंतीण दुसऱ्याच वॉर्डात आणि बाप चिठ्ठी घेऊन मेडिकलच्या रांगेत. आईच्या मनात एकच घोळत असते, ‘मी उन्हात खुरपायला गेले म्हणून तर असं झालं नाही ना?’ बाप काहीच बोलत नाही, आणि आपण म्हणतो, गडी धीराचा आहे. प्रत्यक्षात दोघेही आतून खचलेले असतात.

भंडारा जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर नवजात कक्षाला आग लागली. १० बाळे दगावली, ७ वाचली. त्यानंतर वायरिंग आणि आग विझवण्याच्या साधनांची चर्चा झाली. ती हवीच होती. पण आत काय चालले आहे हे आई-बापांना कळणे, त्यांना बाळाजवळ जाता येणे, हाही उपचाराचाच भाग आहे.

ही नुसती माया नव्हे. भारतासह पाच देशांत जागतिक आरोग्य संघटनेने केलेला अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. एक ते १.८ किलो वजनाची बाळे जन्मल्याबरोबर आईच्या उघड्या छातीशी ठेवली, तेव्हा मृत्यू सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाले. केंद्र सरकारच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांतही, हात धुऊन, शिकवून आई-बापांना बाळाच्या सेवेत घ्यावे, असेच सांगितले आहे. तेव्हा ‘आम्हाला आत कधी सोडणार? बाळाची तब्येत रोज कोण सांगणार?’ हे डॉक्टरांना न लाजता विचारा. विचारणे म्हणजे भांडण नव्हे.

पैशाचा घोरही मन पोखरतो. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयात एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाचे उपचार, औषधे, तपासण्या आणि नेआण मोफत आहे. ग्रामपंचायतीने हे फलकावर लिहून ठेवावे.

आता गावाने काय करायचे? सावड आपल्याला नवी नाही. धार कोण काढणार, मोटार कोण चालू करणार, थोरल्या लेकराला शाळेत कोण सोडणार, हे भावकीने त्याच दिवशी ठरवावे. भेटायला दहा जण जाण्यापेक्षा एकाने डबा न्यावा आणि बापाला दोन तास झोपू द्यावे. ‘नजर लागली’, ‘पथ्य मोडलं’ असले शब्द बाळंतिणीपुढे काढू नयेत.

बाळ घरी आले म्हणजे सगळे संपले असे नाही. दोन आठवडे झाले तरी आईला किंवा बापाला झोप लागत नाही, सारखे रडू येते, बाळाला घ्यावेसे वाटत नाही, असे असेल तर डॉक्टरांना दाखवा. जिवाचे बरेवाईट करण्याचे बोलणे निघाले तर एक दिवसही थांबू नका, माणसाला एकटे सोडू नका. ‘टेलिमानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येते. आशाताई बाळाचे वजन बघायला येतातच, त्यांनी आईलाही विचारावे, “बाई, तुला झोप लागते का?”