समुद्रावरचा वारा मोजायचा कसा?

'अपारंपरिक ऊर्जा' हा निबंध आपण दरवर्षी लिहितो. पवनचक्की म्हटलं की साताऱ्याचं चाळकेवाडी नाहीतर धुळ्याचं ब्राह्मणवेल. समुद्रातली पवनचक्की मात्र कुणी लिहीत नाही. डेन्मार्कने १९९१ मध्ये विंडेबीजवळच्या समुद्रात ११ पवनचक्क्या उभ्या केल्या आणि त्या पंचवीस वर्षं चालल्या!

भारताने यासाठी २०१५ मध्ये धोरण आणलं. २०२४ मध्ये केंद्राने ७,४५३ कोटींची योजना मंजूर केली. त्यात गुजरात आणि तमिळनाडूच्या समुद्रात प्रत्येकी ५०० मेगावॅट. मग आपल्या कोकणाचं काय?

माझं मत असं की आधी नीट मोजा, मग आकडे सांगा. गणित सोपं आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली शक्ती दुप्पट नाही, आठपट होते (२×२×२). सेकंदाला ६ मीटर आणि ८ मीटर यांत फरक किरकोळ वाटतो, पण घन काढून बघा: २१६ आणि ५१२! म्हणून मोजमापातली छोटी चूकही महागात पडते. खंभातच्या आखातात २०१७ पासून लायडार यंत्राने वारा मोजला गेला. हे यंत्र लेसरचा प्रकाश वर सोडतं आणि हवेतल्या धूलिकणांवरून परतलेल्या प्रकाशावरून वेग काढतं.

नुसती वर्षाची सरासरी काढूनही भागत नाही. कोकणात नैर्ऋत्येचा वारा जोर धरतो तो पावसाळ्यात. आपल्या मराठवाड्यात विजेची ओढाताण उन्हाळ्यात. मग उपयोग काय, असं विचाराल. पण ढगाळ दिवसांत सौर पॅनेल मंदावतात, नेमका तेव्हाच समुद्रावर वारा असतो. म्हणजे हा सौरऊर्जेचा जोडीदार आहे, तिची जागा घेणारा नाही. हिशोब महिनावार मांडला तरच हे दिसतं.

आणि पाणी काही रिकामं नसतं. जायकवाडीवर तरंगत्या सौर प्रकल्पाचा प्रस्ताव आला तेव्हा पैठणच्या मच्छीमारांची बाजू हरित लवादात गेली, पुढे सर्वोच्च न्यायालयातही. तिथे धरण, इथे समुद्र, पोटाचा प्रश्न तोच. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते, उरलेले दहा महिने कोळी बांधव त्याच पाण्यात असतात. म्हणून मोजणीच्या नकाशावर वाऱ्याचा वेग आणि पाण्याची खोली यांच्याशेजारी त्यांच्या जाळ्यांच्या जागाही आखायला हव्यात, आणि त्या त्यांनाच विचारून, टेंडर निघण्याआधी.