शुक्रधातू आणि टेस्टोस्टेरॉन : गल्लत टाळावी

तेलंगणाच्या सीमेवरील आमच्या धर्माबादेत ‘अशक्तपणा’ हा शब्द पुरुष रुग्ण ज्या दबक्या आवाजात उच्चारतो, त्यावरूनच त्याची खरी तक्रार वैद्याच्या ध्यानी येते. पूर्वी असा रुग्ण ‘धातू जाते’ म्हणत असे. अलीकडे तो ‘टेस्टोस्टेरॉन कमी आहे’ असे सांगतो, तेही बहुधा तपासणीविनाच. शब्द बदलला, औषधालयातून शक्तिवर्धक कॅप्सूल घेण्याची रीत मात्र तीच राहिली.

आमच्या मते गल्लत मुळाशीच आहे. शुक्र हा सप्तधातूंतील अंतिम धातू, तर टेस्टोस्टेरॉन हे मुख्यतः वृषणांत निर्माण होणारे संप्रेरक. दोहोंचा संबंध आहे, परंतु ती एकच वस्तू नव्हे. चरकाचार्यांनी क्लैब्याचे बीजोपघातज, ध्वजभंगज, जराज व शुक्रक्षयज असे चार भेद सांगितले आहेत. कारण भिन्न असेल तर चिकित्साही भिन्न असावी, हाच त्याचा आशय होय.

म्हणून आधी निदान करावे. कामेच्छा मंदावणे, प्रातःकालीन उत्थान कमी होणे, स्नायुबल घटणे अशी लक्षणे असता सकाळी लवकर, उपाशीपोटी, दोन वेगवेगळ्या दिवशी टेस्टोस्टेरॉन तपासावे. दोन्ही वेळा ते ३०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलीटरहून कमी आढळल्यास एलएच व प्रोलॅक्टिन पाहावे. स्थौल्य, प्रमेह, मद्यपान व अपुरी निद्रा यांनीही ही पातळी खालावते. तेथे निदानपरिवर्जन हीच पहिली चिकित्सा. मळक्या वस्त्रावर रंग चढत नाही, तसे शोधनाविना वाजीकरण फळत नाही, हा शास्त्राचा दृष्टान्त विसरू नये. उत्थानाचीच तक्रार असेल, तर रक्तशर्करा, रक्तदाब व हृदय तपासणे अगत्याचे आहे. हृद्रोगाची ती पूर्वसूचना असू शकते.

अपत्यार्थी पुरुषाच्या बाबतीत अधिक सावध असावे. बाहेरून दिलेल्या टेस्टोस्टेरॉनमुळे पीयूष ग्रंथीची प्रेरणा थांबते आणि शुक्राणू घटतात. ‘ताकदीचे इंजेक्शन’ घेणारा तरुण पितृत्वच गमावून बसण्याचा धोका पत्करतो आणि दोष मात्र घरातील सुनेवर येतो. अशा दांपत्यात पतीची वीर्यतपासणी प्रथमच करवावी.

औषधविक्रेत्या बंधूंनाही आमचे सांगणे आहे. लैंगिक शक्तिवर्धनाच्या जाहिरातींना १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने मनाई आहे. ‘शुद्ध वनौषधी’ म्हणविणाऱ्या कित्येक उत्पादनांत सिल्डेनाफिलची भेसळ आढळली आहे. हृद्रोगासाठी नायट्रेट घेणाऱ्यास ते दिले गेल्यास रक्तदाब घातक पातळीपर्यंत उतरू शकतो. ज्या ‘वनौषधी’चा गुण तासाभरात येतो, तिच्याविषयी शंका घ्यावी. अश्वगंधा वा कपिकच्छू तासाभरात फळ देत नाहीत.

वाजीकरण हे अष्टांगांपैकी एक अंग आहे. त्याची प्रतिष्ठा गल्ल्यावरील विक्रीने नव्हे, तर यथार्थ निदानानेच राखली जाईल. रुग्ण संकोचाने गप्प राहतो. प्रश्न विचारण्याचे धैर्य वैद्याने दाखवावे.