तेलाच्या डब्यामागचे जग

बारावीचा निकाल लागला की व्यापारी घरांतून पुढील शिक्षणाची चर्चा सुरू होते. बी.कॉम., बी.बी.ए., सी.ए. ही नावे सर्वांच्या परिचयाची. पण घरातील मुलीने वा मुलाने 'ग्लोबल स्टडीज', म्हणजे जागतिक घडामोडींचा अनेक विद्याशाखांतून केलेला अभ्यास, असे नाव घेतले की वडीलधारी मंडळी विचारतात, "हे शिकून पुढे करणार काय?" प्रश्न रास्त आहे. शुल्क आणि तारुण्याची तीन-चार वर्षे हेही भांडवलच होय. त्याचे उत्तर आपल्याच दुकानातील मालात शोधून पाहू.

पामतेलाचा डबा घ्या. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. सूर्यफूल तेलाच्या निर्यातीत अग्रेसर असलेल्या युक्रेनची बंदरे ठप्प झाली आणि मागणी अन्य तेलांकडे वळली. २८ एप्रिलला इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात थांबवली. ती बंदी २३ मे रोजी उठली. गरजेच्या निम्म्याहून अधिक खाद्यतेल आपण आयात करतो. त्यामुळे तिकडच्या निर्णयाची झळ इथल्या घाऊक पेठेपर्यंत पोहोचली.

भाव का चढला, हे अर्थशास्त्र सांगेल. परंतु पामतेलाच्या उत्पादनात जगात पहिला असलेला देश स्वतःचेच परकीय चलन का अडवतो? त्याचे उत्तर राज्यशास्त्रात आहे. तेथे स्वयंपाकाचे तेल महागले होते आणि जनतेत असंतोष होता. मुळात पश्चिम आफ्रिकेतील हे झाड तिकडे गेले कसे, हे इतिहास सांगतो. डच राजवटीत, १८४८ साली, त्याची रोपे जावा बेटावरील बोगोरच्या वनस्पती उद्यानात लावली गेली. पुढे या लागवडीसाठी किती जंगल गेले, हा पर्यावरणशास्त्राचा विषय. आणि जंगल तोडून घेतलेल्या पामतेलाला, कॉफीला, सोयाबीनला आपली बाजारपेठ बंद करणारा जो कायदा युरोपीय संघाने २०२३ मध्ये संमत केला, तो कायद्याच्या अभ्यासाचा. डबा एक, विषय पाच.

लेटर ऑफ क्रेडिटच्या व्यवहारात बँक कागदपत्रे पाहते, माल पाहत नाही. मालामागील जग ओळखणे ही जबाबदारी अखेर व्यापाऱ्याचीच असते. ग्लोबल स्टडीजचा अभ्यासक्रम नेमके तेच शिकवू पाहतो. अमेरिकेत, सांता बार्बरा येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात, या विषयाचा स्वतंत्र विभागच आहे. आपल्याकडे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मुख्य विषयासोबत दुसऱ्या शाखेतील गौण विषय घेण्याचा मार्ग खुला केला. त्याच्या जोडीला 'अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स' आली. विद्यार्थ्याने मिळवलेले श्रेयांक तिथे खात्यावर जमा होतात आणि नियमांच्या चौकटीत दुसऱ्या संस्थेकडे वर्गही करता येतात.

तथापि एक धोका स्पष्टपणे सांगितला पाहिजे. पाच विषयांची तोंडओळख म्हणजे एका विषयाचे ज्ञान नव्हे. नावाच्या झगमगाटाला भुलून प्रवेश घेतला, तर हाती पदवी येईल, पण कसब येणार नाही. म्हणून शुल्क भरण्यापूर्वी महाविद्यालयाला चार प्रश्न अवश्य विचारावेत. एखादा विषय शेवटच्या वर्षापर्यंत सखोल शिकवला जातो का? सांख्यिकी किंवा लेखाशास्त्र सक्तीचे आहे का? एखादी परकीय भाषा पत्रव्यवहार करता येईल इतकी शिकवतात का? आणि अखेरच्या वर्षी प्रत्यक्ष प्रश्नावर प्रकल्प करावा लागतो का? उत्तरे नकारार्थी आली, तर वाणिज्य हा मुख्य विषय ठेवून राज्यशास्त्र किंवा इतिहास हा गौण विषय घेणे अधिक हिताचे.

"पुढे करणार काय?" याचे उत्तर मग फार दूर राहत नाही. युरोपला माल पाठवणाऱ्या निर्यातदाराला आता तो माल कोणत्या जमिनीवर पिकला, याचा पुरावाही जपावा लागणार आहे. हिशेब लिहिणारा माणूस आपल्याला सहज मिळतो. हा पुरावा जुळवणारा, परदेशी कायदा वाचणारा आणि तिकडच्या राजकारणाचा अंदाज घेणारा माणूस मात्र शोधावा लागतो. तो आपल्याच घरात तयार होऊ पाहत असेल, तर नकार देण्याआधी त्याच्या अभ्यासक्रमाची पुस्तिका एकदा त्याच्यासोबत बसून वाचावी.